बनाआत्तीचा डावा पीळ

गारगोटीला गाडीत उतारू बसवत होतो तेव्हा निरोप आला. कोल्हापुरातून आलेल्या दुसऱ्या मोटारीचा ड्रायव्हर भोंगा न वाजवता माझ्या शेजारी येऊन थांबला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी वंगाळ झालंय, कारण हा गडी भोंगा वाजवल्याशिवाय श्वाससुद्धा घेत नाही. खाली उतरला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बनाक्का गेली. सकाळी चहा पिऊन भिंतीला टेकली ती टेकलीच. घरची तुझी वाट बघाय लागल्यात." मी उतारूंना सांगितलं. त्यात गारगोटीचे एक म्हातारे गृहस्थ होते, ते म्हणाले, बाबा, जोरात ने, आमची काळजी करू नकोस. पण तीस मैलांच्या रस्त्यात मी वेगाचा काटा एकदाही विसाच्या वर जाऊ दिला नाही. मुदाळ तिट्टा गेला, इस्पुर्ली गेली, डोळ्यांतलं पाणी गालावर वाळून गेलं आणि काटा आपला विसावर थिजल्यासारखा उभा. का, ते सांगायला हा लेख लिहितोय. आत्तीला मी उशिरा पोचलेलं चाललं असतं. तिनंच फिरता ठेवलेला काटा विसाच्या पुढं ढकलून मी पोचलेलं चाललं नसतं. तिनं मागं सांगून ठेवलं होतं, "इसाच्या वर गेलास तर कानाखाली वाजवीन." आणि ती वाजवायची हो, मी ड्रायव्हरचा बिल्ला लावून फिरायला लागल्यावरसुद्धा एकदा वाजवली होती.

आता ही बनाआत्ती कोण? माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडिलांना आम्ही आबा म्हणतो, ती त्यांना दत्तू म्हणायची आणि सगळी पेठ तिला बनाक्का म्हणायची. आमचं घर पटवेकऱ्याचं. सोनारानं मणी, वाट्या, साजाची पानं घडवली की ती रेशमात ओवायची, गाठवायची, गोंडे बांधायचे, हा आमचा धंदा. मंगळसूत्र ओवून घ्यायला बायका आमच्याच ओसरीवर येतात. आत्तीला नेसरीला दिली होती. सोळाव्या वर्षी कपाळ पुसून परत आली आणि आमच्या मागच्या खोलीत बसली ती बसलीच. विधवेनं मंगळसूत्राच्या दोऱ्याला हात लावायचा नाही, हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण लिहिलेल्यापेक्षा पक्का होता. म्हणून तिच्या वाट्याला काय आलं? बेंदराचे बैलांचे गोंडे, घोड्याच्या मोरक्या, दसऱ्याच्या स्वारीतल्या हत्तीच्या झुलीची किनार. महाराजांची स्वारी निघाली की सगळं गाव महाराजांकडं बघायचं आणि मी झुलीच्या गोंड्यांकडं बघायचो. ते कुणी बांधलेत हे त्या गर्दीत मला एकट्याला माहीत असायचं, आणि माझी छाती हत्तीएवढी व्हायची.

आणखी एक काम तिच्याकडं होतं, त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. आमच्या घरात जे काही वळलं जातं ते उजव्या पिळाचं. करदोडा असो, ताइताचा गोफ असो, हात उजवीकडंच फिरणार. डावा पीळ फक्त मर्तिकाच्या दोरीला. पेठेत कुणी गेलं की मागच्या दाराशी माणूस येऊन उभा राहायचा. तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी रीत. आत्ती हातातलं काम खाली ठेवायची, परसात जायची आणि तिरडीची दोरी डाव्या पिळानं वळून त्याच्या हातात द्यायची. आई त्या वेळी आतलं दार लोटून घ्यायची. आबांनी जन्मात डावा पीळ घातला नाही. त्यांचा हात तिकडं वळतच नसे. पंचवीस-तीस वर्षं आत्तीनं पेठेतल्या थोरामोठ्यांना, गोरगरिबांना त्याच दोरीनं पोचवलं आणि त्याबद्दल तिचं नाव कधी कुणाच्या तोंडून निघालं नाही.

मी ड्रायव्हर झालो तोही तिच्याच जिवावर. आबांच्या मनात मी ओसरीवर बसून मणी ओवावेत असं होतं. मराठी सहा इयत्ता झाल्यावर त्यांनी मला बसवलंही. दोन वर्षांत मी जे गोंडे बांधले ते बैलांनीही मानेवर घेतले नसते. शेवटी आत्तीच एक दिवस आबांना म्हणाली, दत्तू, ह्याच्या बोटांत जीव न्हाय, गोंडा बांधतोय का गाठुडं तेच कळत न्हाय, ह्याला त्या मोटारीकडं जाऊ दे. आबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग बोलले ते एवढंच की मोटार हे चार दिवसांचं खूळ आहे, बिल्ला गेला की गपगुमान ओसरीवर येऊन बसायचं आणि परत त्या वाटेला जायचं नाही. मी कबूल झालो. पितळी बिल्ला छातीवर लावला त्या दिवशी मी आधी आत्तीच्या पाया पडलो, मग देवाच्या.

गाडी कासमभाईंची. कासमभाई म्हणजे आमच्या गारगोटीच्या सर्व्हिसचे मालक; पूर्वी टांगे होते, मग हौसेनं मोटार घेतली. मुंबईत दोन मालकांनी वापरून टाकलेली, लढाईच्या बऱ्याच आधीची गाडी. टप फाटका, दारं दोरीनं बांधलेली, पण इंजिन मोठं इमानी. समोरच्या फळीवर मैलाचं घड्याळ होतं. त्याची गंमत अशी की पुढच्या चाकापाशी एक दातेरी चक्र असतं, ते चाकाबरोबर फिरतं, आणि तिथून एक लवचीक केबल वर घड्याळापर्यंत येते. वरून नळीसारखं वेटोळ्याचं कवच, आत पोलादी तारेची वळलेली दोरी. चाक पुढं फिरो की मागं, दोरी फिरते, दोरी फिरली की काटा उठतो. सगळं त्या आतल्या दोरीवर. तर ती दोरी एके दिवशी टिकटिक करायला लागली, काटा बेडकासारखा उड्या मारायला लागला, आणि इस्पुर्लीच्या चढाला कट्‌ असा आवाज होऊन काटा शून्यावर जाऊन पडला. मी म्हटलं, जाऊ दे, आपल्याला कानानं वेग कळतो. तरुण रक्त, दुसरं काय.

पुढं कुणाच्या तरी मोटारीनं बाजाराच्या दिवशी टांग्याचा घोडा उधळला, टांगा उलटला. माणसं वाचली, पण गावात ओरड झाली. मोटारींची तपासणी करणाऱ्या साहेबांनी सगळ्या मालकांना आणि ड्रायव्हरांना उभं केलं आणि हुकूम सांगितला की पंधरा दिवसांनी एकेक गाडी ते स्वतः बसून तपासणार; ज्याचा काटा मेलेला त्याची गाडी बंद आणि ड्रायव्हरचा बिल्ला जमा. कासमभाईंनी मुंबईला तार केली. उत्तर आलं की जर्मनच्या लढाईपायी बोटी माल आणत नाहीत, केबल लढाई संपल्यावर. आता लढाई काय माझ्या बिल्ल्यासाठी पंधरा दिवसांत संपणार होती? मी घरी आलो, चाकापासल्या आणि घड्याळापासल्या अशा दोन्ही बाजूंच्या चाक्या, म्हणजे नट, सोडवून काढलेली केबल फडक्यात गुंडाळून आणली होती, ती परसात आपटली आणि तुळशीकट्ट्याला पाठ लावून बसून राहिलो. ओसरीवरून आबांनी एकदा डोकावून बघितलं. मग माझी बसायची चटई झटकून ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला.

आत्ती आली, फडकं उघडलं, दोन तुकडे झालेली ती गंजकी दोरी कवचातून ओढून काढली आणि नखानं तिचा पदर सोडवायला लागली. एक थर सुटला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. एक डावीकडं वळलेला, त्याच्यावरचा उजवीकडं, त्याच्यावरचा परत डावीकडं. अगदी मधे एक सरळ तार. मग ती म्हणाली, "ह्यो तर आपलाच धंदा हाय की." मला हसू आलं. मी म्हटलं, आत्ती, हे इलायतेत कारखान्यात यंत्रावर करतात. ती म्हणाली, मग यंत्राला कुणीतरी शिकवलंच असंल की.

तार कुठून आणायची हा प्रश्न होता. तिनंच सुचवलं की मिरजेला सतारीची पोलादी तार मिळते, ती बारीक असते आणि वाकली तरी तुटत नाही. मी रेल्वेनं जाऊन ती घेऊन आलो. मग बनाआत्तीनं भिंतीतल्या खुंटीला एक टोक अडकवलं, चार हातांवर रहाटाचं चाक मांडलं आणि कामाला लागली. रेशमाची सवय असलेली बोटं ती. पोलादानं पहिल्याच दिवशी चिरली. तिनं बोटांना चांभाराकडून आणलेल्या कातड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि वेढ्याला वेढा लावत गेली, इतका घट्ट की मधे नख शिरू नये. सगळ्यात वरचा थर घालायची वेळ आली तेव्हा आबा मागच्या दारात येऊन उभे राहिले. जुन्या दोरीचा वरचा थर डावा होता, हे त्यांनीही बघितलं होतं. म्हणाले, "आक्का, आतले कसेबी घाल, पण वरचा थर उजवाच घाल. गाडीत लेकुरवाळ्या बसत्यात." आत्तीनं मान हलवली. तिलाही ते पटलं असावं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. आमच्या घरात वाढलेल्या माणसाला ज्या गाडीतून नवरी सासरी जाते, त्या गाडीत डावा पीळ घालायचं सुचणारच नाही. इलायतेतल्या लोकांना रीतभात ठाऊक नसते, असंच आम्ही समजलो.

जुन्या दोरीच्या दोन्ही टोकांना चौकोनी बोंडं असतात, ती शेजारच्या सोनारानं डाग देऊन नव्या दोरीला बसवली. कवच रॉकेलनं धुतलं, दोरीला चरबी लावून आत सरकवली, चाक्या आवळल्या आणि मी मोठ्या ऐटीत गाडी कळंब्याच्या रस्त्याला काढली. काटा उठला. दहावर गेला, थरथरला... आणि हळूहळू खाली बसला. परत उठला, परत बसला. मी तसाच माघारी आलो. आठ दिवस गेले होते, सात राहिले होते. आमच्या बोळात गाडी शिरवली आणि आत्तीला म्हटलं, झालं, आता मी उद्यापासून ओसरीवर.

ती म्हणाली, मला दाव. आणि पदर डोक्यावरून ओढून घेत जन्मात पहिल्यांदा मोटारीत चढून बसली, ते थेट माझ्या शेजारी. आमचा बोळ अरुंद, गाडी उलट्या पावलीच बाहेर काढावी लागते. मी मागं घ्यायला लागलो. आत्ती रस्त्याकडं, माणसांकडं, कुणाकडं बघत नव्हती. तिची नजर फक्त घड्याळावर. बोळाच्या तोंडाशी येऊन मी पुढं घेणार तोच म्हणाली, थांब, परत फुडं घे. फुडं घेतली. परत मागं घे. मागं घेतली. असं चार वेळा. पेठ गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, बनाक्का मोटारीत बसून झोका घेतीया. ती ढिम्म हलली नाही. शेवटी म्हणाली, "मागं जाताना काटा सरळ उठतोय, फुडं जाताना पडतोय. मागं जाताना दोरी आवळतीया, फुडं जाताना सुटतीया. वरचा पीळ उलटा पडलाय." मी चाक्या सोडून दोरी बाहेर ओढली तर खरंच, वरचा थर उलगडून फुगला होता आणि कवचात दाटून बसला होता. कळंब्याच्या रस्त्यापासून घरापर्यंत मी इंजिनाला, चक्राला, नशिबाला शिव्या देत आलो होतो, आणि हिनं बोळात चार फेऱ्यांत दुखणं हुडकलं.

त्या दुपारी आबा आणि ती जे बोलले ते मी ओसरीच्या पायरीवर बसून ऐकलं. आबांचं म्हणणं खोटं नव्हतं. मर्तिकाचा पीळ गाडीत घातल्याचं पेठेत कळलं तर त्या गाडीत लोक बसायचे नाहीत आणि आमच्या ओसरीवर मंगळसूत्र घेऊन कुणी यायचं नाही. पोराचा बिल्ला गेला तर पोरगं घरी येईल, उपाशी तर मरणार नाही. आत्तीनं सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "दत्तू, मेल्याल्या माणसाला पोचवायला माझा डावा पीळ चालतोय. मग जित्या माणसाला घरला पोचवायला का न्हाय चालत?" आबा उठून बाहेर आले, माझ्या शेजारी पायरीवर बसले आणि पानाला चुना लावत राहिले. पान त्यांनी खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिनं नव्यानं सुरुवात केली. ह्या वेळी वरचा थर डावा. तुम्हाला सांगतो, उजव्या हाताच्या कसबी माणसाला एकाएकी डावीकडं वळायला लावलं तर वेढे सैल-घट्ट पडतात. ते काम त्या घरात तिच्या एकटीच्या हातात होतं. ज्या कामापायी आई दार लोटून घ्यायची, त्याच कामानं तिची बोटं तयार केली होती. ती परसात चाक मांडून डावीकडं वळताना शेजारच्या काकूंनी कुंपणावरून बघितलं आणि हातातली घागर खाली ठेवून हळूच विचारलं, "कोण गेलं, बनाक्का?" आत्ती वर न बघता म्हणाली, "कोण न्हाय. पोरगं कामावर जाणार हाय."

चौदाव्या दिवशी दोरी बसवली. काटा उठला तो उठलाच. पंधराव्या दिवशी साहेब माझ्या शेजारी बसले, मागं कासमभाई, तोंडानं काहीतरी पुटपुटत. साहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं आणि कळंब्याच्या पुढच्या मैलाच्या दगडापासून सांगितलं, काटा पंधरावर ठेव. पंधराच्या वेगानं एक मैल म्हणजे चार मिनिटं, हा हिशेब मी रात्रंदिवस घोकला होता. दुसरा दगड आला, साहेबांनी घड्याळात बघितलं. तिसरा आला. चौथा आला. मग म्हणाले, गाडी वळव, बिल्ला राहू दे. कासमभाईंनी मागून माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी सुकाणूवर आपटलो. आणि मग साहेबांनी वही काढली आणि विचारलं की लढाईत माल येत नसताना केबल आणली कुठून. इथंच बनवली म्हटल्यावर त्यांच्या भुवया वर गेल्या. कुणी बनवली?

आणि मी आबांचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, पेठेसकट. का सांगितलं? आबांचं बोलणं डोक्यात होतं, कासमभाई मागं बसले होते, विधवा आणि डावा पीळ हे सगळं त्या वहीत कुठं घालायचं... अशी शंभर कारणं आहेत, आणि त्यातलं एकही धड नाही. भ्यालो, हे खरं. संध्याकाळी घरी पेढे वाटले. जेवताना आत्तीनं विचारलं, साहेबानं इचारलं का रं, कुणी केलं म्हणून? मी म्हटलं, इचारलं. मग? मी ताटात बघत म्हटलं, आबांचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस." आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. आबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि हात धुतले. त्या दिवसापासून माझा बिल्ला मला जड वाटायला लागला.

साहेबांनी ही गोष्ट चार ठिकाणी सांगितली. पंधरा-वीस दिवसांनी पेठ वडगावच्या एका मोटारवाल्याचा माणूस नारळ आणि पानसुपारी घेऊन आमच्या ओसरीवर आला. त्याच वेळी एक बाई लेकीच्या लग्नाचं मंगळसूत्र ओवून घ्यायला बसल्या होत्या. आबांच्या हातात काळे मणी होते. पाहुणा म्हणाला, दत्तोबा, तुमच्या हातची केबल साहेबांनी नावाजलीया, आम्हालाबी एक करून द्या. मी दारात उभा होतो. आबांना नुसतं हो म्हणायचं होतं. सगळं झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं. त्यांनी मणी तबकात ठेवले आणि सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पावणं, ती माझ्या हातची न्हाय. आमच्या आक्काच्या हातची हाय. डाव्या पिळाची हाय, तेबी सांगतो. पायजे आसंल तर आत जाऊन तिला इचारा, मला ते काम येत न्हाय." पाहुणा गोंधळला. त्या बाईंनी आबांकडं बघितलं, तबकाकडं बघितलं, मणी पदरात बांधले आणि उठून गेल्या. आबांनी त्यांना थांबवलं नाही. पाहुणा थोडा वेळ नारळ हातात घेऊन उभा राहिला, आणि मग चपला काढून आत गेला.

माझ्या बापाचा मला आयुष्यात इतका अभिमान कधी वाटला नव्हता. मी जे साहेबांपुढं बोलू शकलो नाही ते हा माणूस गिऱ्हाइकासमोर, स्वतःच्या धंद्यावर पाणी सोडून बोलला. पेठेतल्या काही घरांनी आमच्याकडं येणं सोडलं, काही वर्षभरानं परत आली, काही आली नाहीत. आबा एकदाही हळहळले नाहीत. उलट दुसऱ्याच दिवशी त्यांनी आत्तीचं चाक आणि खुंटी मागच्या खोलीतून उचलून ओसरीवर, रस्त्याकडच्या खिडकीपाशी आणून मांडलं. ती नको नको म्हणत होती. आबा म्हणाले, आतल्या अंधारात डोळं जातील तुझं, हितं बस. आणि जी बाई तीस वर्षं मागच्या दारानं वावरली ती उजेडात येऊन बसली. पुढच्या सालात साहेबांच्या कचेरीत जाऊन वहीतलं नावही मी बदलून घेतलं. कारकून कुरकुरला, पण मी उठलो नाही.

त्या खिडकीत बसून तिनं किती केबली वळल्या ते मी मोजलं नाही. वडगावची झाली, निपाणीकडची झाली, एका इनामदारांची झाली. लढाई संपली, इलायतेहून माल यायला लागला, तरी जुन्या गाड्यांचे मालक तिच्याकडंच यायचे. केबल देताना ती प्रत्येक ड्रायव्हरला समोर बसवून सांगायची की हिला अंगठ्याएवढा आखूड बाक देऊ नको, हाताएवढा लांब दे. महिन्याला चरबी घाल. घड्याळाकडची चाकी आवळण्याआधी बोंड खाचेत बसलंय का ते चाक फिरवून बघ. आणि काट्याला भीत जा. मिशीवाले गडी तिच्यासमोर पोरांसारखे माना हलवायचे. बोळातल्या त्या फेऱ्यांनंतर ती मोटारीत फक्त एकदा बसली. मी तिला नेसरीला घेऊन गेलो, तिच्या सासरच्या गावी. सोळाव्या वर्षी बैलगाडीत मान खाली घालून ती ज्या वाटेनं परत आली होती त्याच वाटेनं. वेशीपाशी गाडी थांबली, माणसं जमली, कुणी तिला ओळखलं, कुणी नाही. एक म्हातारी जवळ येऊन म्हणाली, बने, तू मोटारीतनं आलीस व्हय? आत्तीनं माझ्या गाडीच्या घड्याळाकडं बोट केलं आणि म्हणाली, मोटारीतनं आले, आन्‌ ते मी केलंय. एवढंच. पण ते ऐकून मला वाटलं की माझं ड्रायव्हर होणं फळाला आलं.

तर त्या दिवशी मी गारगोटीहून विसाच्या वेगानं घरी पोचलो. ओसरी माणसांनी भरली होती. पेठेतली होती, आणि पाच-सात ड्रायव्हर छातीवर बिल्ले लावून भिंतीला उभे होते. सगळी तयारी झाली होती, फक्त दोरी नव्हती. पेठेतल्या प्रत्येकाची दोरी आमच्या घरातून जायची, आणि आमच्या घरातल्या मयताला दोरी वळणारं कुणी उरलं नव्हतं. आबा बराच वेळ सुतळीचा गुंडा हातात घेऊन बसले होते. हात डावीकडं वळेना. शेवटी बाजारातून आणली. ती बघून आबा ढसाढसा रडले. सगळ्यांना वाटलं बहिणीसाठी रडतायत. मला वाटतं, ते त्या दोरीसाठी रडत होते. फार हलक्या हाताची होती ती.

आता महिना उलटून गेलाय. मंगळसूत्राचं काम आता माझा धाकटा भाऊ बघतो. आबा रोज सकाळी खिडकीपाशी, आत्तीच्या चाकासमोर बसतात. साठी जवळ आली, बोटं आखडलीत, आणि जन्मभर उजवीकडं फिरलेला हात आता डावीकडं फिरवायला शिकतायत. चार वेढे नीट पडतात, पाचव्याला हात आपसूक उजवीकडं वळतो. मग ते सगळं उसवतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. आई म्हणते, आता कशाला जिवाला त्रास? ते ऐकत नाहीत. मागच्या आठवड्यात एक केबल त्यांनी पुरी केली. निपाणीकडचा ड्रायव्हर न्यायला आला होता. त्याला त्यांनी समोर बसवलं, बाक किती द्यायचा ते सांगितलं, चरबीचं सांगितलं, चाकीचं सांगितलं. तो केबल घेऊन पायरी उतरला तेव्हा आबांनी त्याला परत हाक मारली आणि म्हणाले, "ही माझी हाय, आक्काची न्हाय. तवा जरा जपून हाक."